पायांवाचून शर्यत

कामशेत स्टेशनावर उतरून पवनानगरची वाट धरली, की बेडसे लेण्यांचा डोंगर मागे टाकून रस्ता पवन मावळात उतरतो. समोर पवना धरणाचा जलाशय पसरलेला दिसतो आणि त्याच्या भोवती तुंग, तिकोना, लोहगड हे किल्ले पहाऱ्यावर उभे असल्यासारखे वाटतात. हे मातीचे धरण १९७२ साली पूर्ण झाले. येथून सोडलेले पाणी पवना नदीने वाहत खाली पिंपरी-चिंचवडला जाते आणि तेथील लाखो घरांत व कारखान्यांत पोहोचते.

त्याच १९७२ सालच्या ऑगस्ट महिन्यात, येथून हजारो किलोमीटर दूर, पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे एक मराठी सैनिक पोहण्याच्या तलावात उतरला. त्याला कमरेखाली हालचाल नव्हती. त्याने मुक्तशैलीचे ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत कापले आणि आपल्या गटात जागतिक विक्रमासह सुवर्णपदक मिळवले. ऑलिंपिक असो वा पॅरालिंपिक, भारतीय खेळाडूने मिळवलेले ते पहिले वैयक्तिक सुवर्णपदक होय. त्या सैनिकाचे नाव मुरलीकांत पेटकर, गाव सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरजवळचे पेठ. पुढे त्यांनी पुण्याच्या टेल्को कारखान्यात, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, नोकरी केली.

आता तुमच्या मनात पहिला प्रश्न येईल तो हाच, की ज्याचे पाय चालत नाहीत तो पोहतो कसा? आणि नुसता पोहत नाही, शर्यत जिंकतो कसा? त्याचे उत्तर थोडे शरीरशास्त्रात आहे आणि बरेचसे पदार्थविज्ञानात आहे.

पेटकर भारतीय भूसेनेच्या ई.एम.ई. या विभागात होते. वाहने, शस्त्रे, यंत्रे यांची दुरुस्ती करणारा हा विभाग. सैन्यात ते मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या आणि त्यांतील एक पाठीच्या कण्यात रुतली.

आपल्या पाठीच्या कण्याच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. त्याला टेलिफोनच्या जाड केबलची उपमा देता येईल. मेंदूकडून निघालेले हुकूम या केबलमधून खाली येतात व वाटेत ठिकठिकाणी फुटणाऱ्या मज्जातंतूंतून स्नायूंकडे जातात. हातांकडे जाणाऱ्या तारा मानेच्या खालच्या भागात आणि तिच्या लगत फुटतात. पायांकडे जाणाऱ्या तारा पुष्कळ खाली, कमरेजवळ. म्हणून केबल पाठीच्या मधल्या वा खालच्या भागात तुटली तर पायांचा संदेश बंद होतो, पण हात पूर्वीइतकेच सबळ राहतात. मुष्टियोद्ध्याचे खांदे आणि दंड शाबूत राहिले, ते यामुळे. तुटलेला मज्जारज्जू मात्र त्वचेसारखा वा हाडासारखा भरून येत नाही. पाय परत मिळणार नव्हते.

येथे थोडे मागे जाऊ या. दुसऱ्या महायुद्धापूर्वी कण्याला अशी इजा झालेला रुग्ण बहुधा काही महिन्यांतच दगावत असे. आणि तो दगावे तो मूळच्या जखमेने नव्हे. एकाच कुशीवर पडून राहिल्यामुळे अंगाला पडणाऱ्या क्षतांनी आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने. १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे जखमी सैनिकांसाठी खास विभाग उघडला गेला. त्याचे प्रमुख डॉ. लुडविग गुटमन यांनी एक साधी शिस्त घालून दिली, ती म्हणजे दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाची कूस बदलायची. रुग्ण जगू लागले. मग पुढचा प्रश्न आला, जगून करायचे काय? गुटमन यांनी त्यांना खेळायला लावले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशीच, चाकांच्या खुर्च्यांत बसलेल्या सोळा माजी सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा झाली. आजच्या पॅरालिंपिकचे बीज ते. हा माणूस डॉक्टर म्हणून मोठा होताच, पण खेळ हे औषधच आहे असे मानून ते रुग्णाला ठरलेल्या वेळी देणे, ही मला त्याची अधिक मोठी कामगिरी वाटते.

पेटकरांवर मुंबईच्या नौदलाच्या ‘अश्विनी’ रुग्णालयात उपचार झाले आणि त्या उपचारांचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले. पाणीच का? तुम्ही विहिरीत वा नदीत गळ्यापर्यंत उभे राहिला असाल तर अंग कसे हलके होते ते तुम्हांला ठाऊक आहे. आर्किमिडीजचा नियम तुम्ही शिकला आहात. वस्तू जितके पाणी बाजूला सारते तितक्या पाण्याच्या वजनाइतके बल तिला वर उचलते. आपल्या शरीराची घनता जवळजवळ पाण्याइतकीच असते. त्यामुळे कमरेइतक्या पाण्यात पायांवर सुमारे निम्माच भार पडतो, आणि गळ्याइतक्या पाण्यात जेमतेम एक दशांश. जमिनीवर पायांनी जे ओझे पेलायचे, ते येथे पाणीच पेलते. (हे पाहायला कोणी पवनेच्या जलाशयात उतरू नये! धरणाच्या पाण्यात तळ एकदम खोल जातो आणि तेथे चांगले पोहणारेही बुडाले आहेत. शाळेचा तलाव, आणि जवळ शिक्षक, एवढे हवेच.)

मात्र तरंगणे वेगळे आणि आडवे तरंगणे वेगळे. हा फरक घरी पाहता येतो. अर्धा लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्या, तिच्यात दोन-तीन मुठी वाळू घालून बूच घट्ट लावा आणि ती पाण्याने भरलेल्या बादलीत आडवी सोडा. ती लगेच उभी होईल. वाळूमुळे बाटलीचा गुरुत्वमध्य तळाकडे गेला आहे, तर पाण्याचे वर उचलणारे प्लावक बल जेथे कार्य करते तो बिंदू त्याच्या वर, हवेच्या बाजूला आहे. ही दोन बले एका सरळ रेषेत येईपर्यंत बाटली फिरते. आपल्या शरीरातील हवा छातीत असते, तर जड हाडे व स्नायू कंबर आणि मांड्यांत. म्हणून निश्चल पडलेल्या माणसाचे पाय हळूहळू खाली जातात. पोहणारा पाय मारतो तो पुढे जाण्यासाठी तर खराच, पण तितकाच पाय वर ठेवण्यासाठी. मुक्तशैलीत पुढे ढकलण्याचे बहुतेक काम हातच करतात.

पाय खाली गेले तर बिघडते काय? फळी आडवी धरून पाण्यातून ओढा, मग तीच तिरपी करून ओढा. मनगट लगेच सांगेल. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट आहे आणि त्याचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट करायचा तर चौपट बल हवे. त्याच वर्षी म्युनिक ऑलिंपिकमध्ये मार्क स्पिट्झने १०० मीटर मुक्तशैली ५१.२२ सेकंदांत जिंकली. त्याचा वेग सेकंदाला सुमारे १.९५ मीटर, पेटकरांचा १.३४ मीटर. वेगातील फरक दीडपटीचाही नाही, पण एकाच शरीराला पहिल्या वेगावरून दुसऱ्यावर जायचे तर दुपटीहून अधिक जोर लावावा लागेल. पेटकरांना तर मागे ओढले जाणारे दोन पाय घेऊन जायचे होते. मान आणि छाती पाण्यात दाबून कंबर वर काढायची, अंग सरळ रेषेत ठेवायचे, आणि बाकी सारे खांद्यांवर सोपवायचे, एवढीच वाट अशा पोहणाऱ्याला मोकळी असते.

पोहणे हा पेटकरांचा एकच खेळ नव्हता. १९६८ साली तेल अवीवच्या स्पर्धांत ते टेबल टेनिस खेळले होते. हायडेलबर्गला भालाफेक, अचूक भालाफेक आणि स्लॅलम या तिन्हींतही त्यांनी अंतिम फेरी गाठली. स्लॅलम म्हणजे चाकांच्या खुर्चीची अडथळ्यांची शर्यत. खुंट्यांमधून नागमोडी वाट काढायची, चढ-उतार ओलांडायचे आणि घड्याळाशी झुंजायचे. खुर्ची वळवायची कशी, तर एक चाक धरून ठेवायचे व दुसरे जोराने फिरवायचे. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा लांबचा पल्ला असतो. चहाचा कागदी पेला टेबलावर आडवा करून ढकला. तो सरळ न जाता गोल फिरतो, कारण त्याचे तोंड मोठे आणि बूड लहान आहे. अमेरिकेतील लंबगोल धावपट्टीवरच्या मोटार शर्यतींत हीच युक्ती वापरतात. तेथे गाड्या सतत डावीकडेच वळतात, म्हणून उजव्या बाजूचे टायर मुद्दाम किंचित मोठ्या परिघाचे बसवतात आणि गाडी पेल्याप्रमाणे आपण होऊन वळू पाहते.

या मोटार शर्यतींना ‘स्टॉक कार’ शर्यती म्हणतात. स्टॉक म्हणजे दुकानात विक्रीला असलेला माल. मूळ कल्पना अशी, की तुम्ही-आम्ही विकत घेतो तीच गाडी शर्यतीत पळवायची. या शर्यतींचा पहिला विजेताही पेटकरांसारखाच जायबंदी सैनिक होता.

त्याचे नाव रॉबर्ट ‘रेड’ बायरन. युद्धापूर्वी तो शर्यतींत गाडी चालवी. युद्धात तो बी-२४ जातीच्या बाँबफेकी विमानावर फ्लाइट इंजिनिअर झाला. १९४३ साली अलास्काच्या पश्चिमेकडील अल्यूशियन बेटांवरील मोहिमेत त्याच्या डाव्या पायाच्या चिंधड्या उडाल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ तो लष्करी रुग्णालयांत होता. बाहेर आला तेव्हा वय तिशीपलीकडे आणि पाय पोलादी पट्ट्यांत.

गाडीत डावा पाय लागतो तो क्लचसाठी. इंजिन आणि चाके यांच्यामधील दुवा क्षणभर सोडवल्याशिवाय गियर बदलता येत नाही आणि तो दुवा सोडवतो क्लच. रेड व्होग्ट या कसबी मेकॅनिकने क्लचच्या पेडलवर घोड्याच्या रिकिबीसारखी पोलादी खोबण बसवली व बायरनचा पाय तीत अडकवला. पाय पेडलवरून घसरण्याचा प्रश्न मिटला. लंबगोल पट्टीवर एकदा वेग घेतला की गियर फारसे बदलावे लागत नाहीत, हेही त्याच्या पथ्यावर पडले. पण गाडीने पेट घेतला असता तर? अडकवलेला पाय सोडवून बाहेर उडी कशी मारायची? बायरनने हा धोका डोळे उघडे ठेवून पत्करला.

१९४९ साली अमेरिकेतील नॅसकार या संस्थेने कोऱ्या स्टॉक गाड्यांची पहिली मालिका भरवली. तीत आठ शर्यती होत्या. बायरन सहांत उतरला आणि दोन जिंकला. त्यांतील एक डेटोना येथे झाली. तेथे धावपट्टीची एक बाजू डांबरी रस्त्याची आणि दुसरी समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूची होती. मालिकेचा विजेता तोच ठरला. प्रकृतीने साथ न दिल्याने १९५१ साली त्याने शर्यती सोडल्या आणि १९६० साली, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, तो गेला. नॅसकारने आपल्या मानवंदनेच्या दालनात त्याला जागा दिली ती २०१८ साली.

पेटकरांनाही वाट पाहावी लागली. पद्मश्री त्यांना मिळाली २०१८ सालीच, म्हणजे हायडेलबर्गनंतर ४६ वर्षांनी. त्यांच्या जीवनावर २०२४ साली चित्रपट निघाला आणि जानेवारी २०२५ मध्ये जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार त्यांच्या हाती पडला.

एक मोजमाप राहिले. सेकंदाला १.३४ मीटर म्हणजे ताशी सुमारे ४.८ किलोमीटर. हा वेग नेहमीच्या कोणत्या हालचालीचा असतो? शाळेच्या मैदानावर ५० मीटर अंतर फक्कीने आखून घ्या, मित्राच्या हाती घड्याळ द्या आणि ते अंतर न धावता, चालत, ३७ सेकंदांत ओलांडून पाहा.