ई-मेलची ने-आण आणि राखण



परीक्षेत कॉपी करू नका, असे मी तुम्हांला नेहमी सांगतो. आज मात्र मी तुम्हांला कॉपी करायलाच सांगणार आहे. घाबरू नका. ही कॉपी उत्तरपत्रिकेची नाही, ई-मेलची आहे.

ई-मेल म्हणजे संगणकावरून किंवा मोबाइलवरून पाठवलेले पत्र. तुमच्यापैकी काहींचा ई-मेल पत्ता मोठ्या भावाने किंवा बहिणीने काढून दिला असेल. शिष्यवृत्तीचा अर्ज भरला, की त्याची पोच त्या पत्त्यावर येते. पोच आली, की आपण निश्चिंत होतो. पण ते पत्र नेमके राहते कोठे? मोबाइल बदलला तर ते बरोबर येते काय? एका प्रोग्रॅममधील पत्रे दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये नेता येतात काय? हे प्रश्न आपल्याला सहसा पडत नाहीत. आमच्या घरीही ते पडले नव्हते. पडले तेव्हा फार उशीर झाला होता.

आमचे मामू कुवेतमध्ये नोकरीला होते. २००५ सालापासून ते आम्हांला ई-मेलने पत्रे लिहीत. भाषा उर्दू, पण लिपी इंग्रजी, कारण त्यांच्या कामाच्या ठिकाणच्या संगणकावर उर्दू अक्षरे नव्हती. भाईजानने नागपूरहून एक जुना संगणक आणला होता. त्यातील विंडोजबरोबर पत्रांचा एक प्रोग्रॅमही आला होता. भाईजान टेलिफोनची तार जोडायचा, पत्रे उतरवून घ्यायचा आणि तार काढून टाकायचा. मग अम्मीजवळ बसून तो ती वाचून दाखवी. घराच्या बांधकामाला किती पैसे पाठवले, आपाच्या लग्नासाठी किती ठेवायचे, हा सगळा हिशेब त्या पत्रांतच असे. २०१० साली मामूंचे तेथेच निधन झाले.

२०१२ च्या जून महिन्यात पहिल्याच पावसात आमच्या घराजवळ वीज पडली. संगणक जळाला आणि त्याची हार्ड डिस्कही गेली. मी म्हणालो, "काही हरकत नाही. पत्रे इंटरनेटवर असतीलच." मी सायबर कॅफेत गेलो, पासवर्ड टाकला आणि पेटी उघडली. पेटी रिकामी होती.

असे का झाले? हे समजून घेण्यासाठी टपाल कचेरीकडे पाहू या.

समजा, नरखेडच्या टपाल कचेरीत तुमच्या नावाची एक पेटी आहे. पत्रे वाचण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे कचेरीत जावे, पेटीतील सर्व पत्रे पिशवीत भरावी आणि घरी आणावी. आता पेटी रिकामी झाली आणि पत्रे घरातील ट्रंकेत आली. दुसरा मार्ग म्हणजे कचेरीतच बसून पत्र वाचावे आणि परत पेटीत ठेवावे. पत्र तेथेच राहते. उद्या तुमच्या भावाला वाचायचे असेल, तर तोही येऊन वाचू शकतो.

ई-मेलमध्ये पहिल्या मार्गाला पॉप म्हणतात. या नावातील पहिले दोन शब्द 'पोस्ट ऑफिस' असेच आहेत. दुसऱ्या मार्गाला आयमॅप म्हणतात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ साली तो तयार केला. ज्या संगणकात आपली पेटी असते, त्याला सर्व्हर म्हणतात. पॉप पत्रे सर्व्हरवरून घरी आणतो. आयमॅप पत्रे सर्व्हरवरच ठेवतो आणि आपल्याला दाखवतो.

आपल्या देशात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने ती सुरू केली. त्या काळात टेलिफोनच्या तारेवर प्रत्येक मिनिटाचे पैसे पडत आणि सर्व्हरवर जागाही फार थोडी मिळे. त्यामुळे पत्रे झटपट उतरवून घेणे आणि पेटी रिकामी करणे हेच शहाणपणाचे होते. म्हणून पॉपला नावे ठेवू नका. 'सर्व्हरवरही एक प्रत राहू द्या' अशी सोय त्यात होती. तेथे फक्त एक खूण करायची होती. आम्ही ती केली नाही, कारण अशी काही खूण असते हेच आम्हांला ठाऊक नव्हते.

पण सर्व्हरवर पत्रे असली म्हणजे चिंता मिटली, असेही समजू नका. इंडियाटाइम्सची ई-मेल सेवा एके काळी आपल्याकडे पुष्कळ लोक वापरत. ती २०१३ साली बंद झाली. ज्यांनी आपली पत्रे वेळेवर दुसरीकडे नेली, त्यांची वाचली. गूगलचा नियम असा आहे, की एखादे खाते सलग दोन वर्षे कोणी उघडलेच नाही, तर ते पुसले जाऊ शकते. डिसेंबर २०२३ पासून अशी खाती पुसण्यास सुरुवात झाली. अर्जापुरता पत्ता काढून तो विसरून जाणाऱ्या मुलामुलींनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

म्हणून पत्रांची ने-आण करता आली पाहिजे. यात पहिली अडचण अशी, की प्रत्येक प्रोग्रॅमची पत्रे बांधून ठेवण्याची रीत वेगळी असते.

आपल्या तालुक्यात संत्र्यांचे बगीचे आहेत. कोणी संत्री टोपलीत ठेवतो, कोणी लाकडी पेटीत, कोणी प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये. फळ तेच, भांडे वेगळे. पत्रांचेही तसेच आहे. एमबॉक्स नावाची एक जुनी रीत आहे. तीत एका फोल्डरमधील सर्व पत्रे एकाच लांबलचक फाइलमध्ये एकाखाली एक लिहिलेली असतात. नवीन पत्र कोठे सुरू झाले हे कसे कळते? प्रत्येक पत्राच्या आरंभी इंग्रजीतील 'फ्रॉम' हा शब्द असलेली एक ओळ असते. पण पत्राच्या मजकुरातीलच एखादी ओळ या शब्दाने सुरू झाली तर? मग प्रोग्रॅम तिच्याआधी बाणाच्या टोकासारखे एक चिन्ह घालतो. नाहीतर एका पत्राची दोन पत्रे व्हायची! दुसरी रीत ईएमएल नावाची. तीत प्रत्येक पत्राची स्वतंत्र फाइल असते. आउटलुक या प्रोग्रॅमची तिसरीच रीत आहे. त्याच्या पीएसटी फाइलमध्ये पत्रे, पत्ते, कामांच्या तारखा असे सगळे एकत्र भरलेले असते. ती फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमला सहजासहजी उघडता येत नाही.

मग टोपलीतील फळ क्रेटमध्ये कसे घालायचे? सर्वांत सोपा उपाय आयमॅपच देतो. थंडरबर्ड नावाचा एक मोफत प्रोग्रॅम आहे. संगणकावर तो घ्यावा. त्यात आपले जुने खाते आणि नवे खाते, दोन्ही आयमॅपने जोडावी. डाव्या बाजूला दोन्ही खात्यांचे फोल्डर एकाखाली एक दिसू लागतात. जुन्या फोल्डरमधील पत्रे निवडावी आणि नव्या फोल्डरमध्ये त्यांची प्रत करावी. भांड्यांची भानगड तो प्रोग्रॅम स्वतःच सांभाळतो.

येथे एक शब्द नीट लक्षात ठेवा. पत्रांची 'प्रत' करावी, पत्रे 'हलवू' नयेत. हलवताना मध्येच वीज गेली किंवा इंटरनेट तुटले, तर काही पत्रे इकडे, काही तिकडे, अशी गत होऊ शकते. प्रत करताना मूळ पत्रे जागेवरच राहतात. आमचे अब्बा संत्र्यांचा व्यापार करीत. टोपली पेटीत उलटी करणाऱ्या मजुरावर ते रागावत. फळ हातात घ्यावे, पाहावे, मोजावे आणि मग ठेवावे, अशी त्यांची शिस्त होती. पत्रांसाठीही मी तीच शिस्त पाळतो. जुन्या फोल्डरमध्ये पत्रे किती होती, नव्यात किती आली, हे मी मोजतो. मग सर्वांत जुने एक, मधले एक आणि जोडपत्र असलेले एक, अशी तीन पत्रे उघडून पाहतो. जोडपत्र म्हणजे पत्राबरोबर आलेला फोटो किंवा कागद. कधी कधी पत्र येते आणि जोडपत्र अर्धवट राहते. तारखाही पाहाव्या. काही प्रोग्रॅम पत्र लिहिल्याच्या तारखेऐवजी प्रत केल्याचा दिवस दाखवतात, आणि वीस वर्षांपूर्वीची सगळी पत्रे आजच आली असे वाटते! अशा वेळी पत्र उघडून आतील तारीख वाचावी. ती बदललेली नसते.

तुम्ही उर्दू शाळेत शिकता, म्हणून अक्षरांविषयीही सांगतो. संगणकाला अक्षर कळत नाही, फक्त आकडा कळतो. कोणत्या आकड्याचे कोणते अक्षर, याचा एक तक्ता असतो. पूर्वी हे तक्ते अनेक होते. मराठीचे फॉन्ट आपापला तक्ता वापरत. उर्दूसाठी इनपेज होते, त्याची रीत आणखी निराळी. त्यामुळे जुने पत्र नव्या प्रोग्रॅममध्ये उघडले, की अक्षरांच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हे दिसत. आता जगातील बहुतेक लिप्यांसाठी युनिकोड हा एकच तक्ता आहे. म्हणून मराठी किंवा उर्दू पत्र युनिकोडमध्येच लिहावे. आणि चौकोन दिसले म्हणून पत्र खराब झाले, असे समजून ते पुसू नये. अनेकदा प्रोग्रॅममध्ये तक्ता बदलून पाहिला, की अक्षरे परत येतात. मामूंची पत्रे इंग्रजी लिपीत होती, म्हणून आम्ही या संकटातून वाचलो. ज्या गोष्टीची अम्मीला खंत वाटे, तीच शेवटी उपयोगी पडली.

हे काम लहान खात्यांपुरतेच नसते. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे ई-मेल झोहो या भारतीय कंपनीच्या व्यवस्थेवर नेण्यात आल्याचे २०२५ साली सर्वांनी वाचले. तेथेही जुनी पत्रे नव्या घरी न्यावीच लागतात.

आता राखणीकडे वळू. उर्दूत आपण 'अमानत' म्हणतो. मराठीत त्याच शब्दाचा 'अनामत' झाला. विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू, असा त्याचा अर्थ. पत्रांची राखीव प्रत ही अशीच अनामत आहे. ती कोठे ठेवावी?

३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने आपल्याच तालुक्यातील मोवाड गावावर घाला घातला. दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या दुःखापुढे कागदांचे नाव काढणेही बरे वाटत नाही. तरी एक गोष्ट तुम्ही समजून घ्यावी, म्हणून सांगतो. मूळ कागद आणि त्याची प्रत एकाच कपाटात असतील, तर पाणी दोन्हींना एकदमच गाठते. संगणकातील पत्रांची प्रत त्याच संगणकात ठेवणे हेही तसेच. पेन ड्राइव्हवर प्रत घ्यावी आणि तो दुसऱ्या घरी, दुसऱ्या गावी ठेवावा.

मोठ्या कंपन्याही हेच करतात. फेब्रुवारी २०११ मध्ये एका चुकीमुळे जीमेलच्या काही खात्यांतील पत्रे अचानक दिसेनाशी झाली. दर दहा हजारांत सुमारे दोन खाती, असे त्याचे प्रमाण होते. गूगलकडे पत्रांच्या अनेक प्रती होत्या, पण त्या चुकीचा परिणाम अनेक प्रतींवर झाला. शेवटी पत्रे परत मिळाली ती चुंबकीय फितींवरून! या फिती संगणकांना जोडलेल्या नव्हत्या, म्हणून चूक त्यांच्यापर्यंत पोचली नाही. गाण्याच्या कॅसेटमध्ये असे, तसल्याच प्रकारची ही फीत. जगातील एवढी मोठी कंपनी, आणि तिला वाचवले कपाटातील फितीने.

आम्हांला वाचवले एका सीडीने. २००९ साली भाईजानने विंडोज पुन्हा टाकण्याआधी आपली गाणी एका सीडीवर उतरवली होती. सोबत पत्रांचा फोल्डरही आला होता. हा फोल्डर सहसा लपलेला असतो. लोक फोटो आणि कागद उतरवतात आणि नेमका हाच विसरतात. भाईजानला तो कसा सापडला, हे त्यालाही आठवत नाही. मी तसाच एक जुना संगणक उसना आणला आणि सीडीवरील फाइली त्यात टाकल्या. प्रोग्रॅम त्या घेईना. दोन दिवस मी डोके धरून बसलो. मग कळले, की सीडीवरून उतरवलेल्या फाइलींवर 'फक्त वाचा' अशी खूण राहते. ती काढली आणि एकेक पत्र समोर येऊ लागले. तेथून ती थंडरबर्डमध्ये आणली आणि थंडरबर्डमधून आयमॅपने माझ्या नव्या खात्यात. मी मोजली, तेव्हा १८६ भरली. अम्मीला ती वाचून दाखवायला तीन रात्री लागल्या.

सीडी २००९ ची होती. त्यानंतरच्या एका वर्षाची पत्रे गेली ती गेलीच. त्यांतील एकच उरले. त्यात मामूंनी सुटीत घरी येण्याची तारीख कळवली होती आणि यंदा आंबिया बहार कसा आहे, असे अब्बांना विचारले होते. अब्बांना ती तारीख खिशात हवी होती, म्हणून भाईजानने त्या पत्राची छापील प्रत काढून आणली होती. ती अब्बांच्या हिशेबाच्या वहीत घडी करून ठेवलेली सापडली. कागद पिवळा पडला आहे आणि घडीवर एक ओळ पुसट झाली आहे. गेल्या वर्षी मी त्याचा फोटो काढला, एक प्रत भाईजानला दिली आणि एक स्वतःलाच ई-मेलने पाठवली.