उचलीचा दोर आणि मालाची साखळी

संत्री आणि कापूस ही पांढुर्णा व सौंसर या दोन तहसिलींची ओळख होय. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळ्या होऊन या दोन तहसिलींचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. राज्याच्या सीमेने हा मुलूख मध्य प्रदेशात असला, तरी भाषा, पिके आणि बाजारपेठ यांनी तो विदर्भाशी बांधलेला आहे. येथला कापूस जिनिंगमध्ये सरकी सोडतो, गाठींत बांधला जातो, सूतगिरणीत सूत होतो आणि अखेर दूरच्या एखाद्या दुकानात सदरा होऊन टांगला जातो. ग्राहकाला त्या सदऱ्याचा पोत दिसतो, किंमत दिसते. परंतु ते बोंड वेचणारे हात मोकळे होते की बांधलेले, हे दिसत नाही. जगभर आज ‘आधुनिक गुलामगिरी’ या नावाने जो प्रश्न विचारला जात आहे, तो हाच.

गुलाम म्हटला की साखळदंड डोळ्यांपुढे येतात. आजचा दोर मात्र बहुधा हिशेबाच्या वहीत असतो. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने सहयोगी संस्थांसह २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगात सुमारे २ कोटी ७६ लाख माणसे सक्तीच्या श्रमात अडकलेली होती. आपल्या राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीला बंदी केली आहे, आणि १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने ती दंडनीय ठरविली आहे.

येथे एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. आगाऊ पैसे घेणे हा काही गुन्हा नव्हे. गुढीपाडव्याला सालदार ठरविताना हातावर काही रक्कम ठेवण्याची रीत विदर्भात जुनीच आहे. परंतु त्या रकमेपोटी मजुराला काम सोडता येईनासे झाले, अन्यत्र जाता येईनासे झाले, किंवा आपले श्रम बाजारभावाने विकता येईनासे झाले, म्हणजे उचलीची वेठबिगारी होते. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली, आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात, याहून पुढचे पाऊल टाकले. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करावे लागणे हेही सक्तीचेच श्रम होत, कारण उपासमार हीसुद्धा एक सक्तीच आहे, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

हा दोर मोठ्या उद्योगाशी कसा जोडला जातो, याचे ठळक उदाहरण महाराष्ट्राच्या ऊसतोडणीत सापडते. तोडणीपूर्वी मुकादम नवराबायकोच्या जोडीला, म्हणजे एका ‘कोयत्या’ला, उचल देतो. हंगामभर तोडलेल्या उसातून ती फेडावयाची असते. एक दिवस कामावर न गेल्यास ‘खाडा’ म्हणून दंड बसतो. फिटली नाही तर ती पुढच्या हंगामावर जाते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची २०१९ मध्ये सरकारी समितीने पाहणी केली, तेव्हा ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. या आकड्यामागे कारणे अनेक आहेत. पण विश्रांतीचा दिवस दंडाचा दिवस होत असेल, तर आजारी स्त्रीपुढे वाटा किती उरतात? पुढे २०२४ साली वृत्तपत्रीय शोधातून ही साखर जगप्रसिद्ध शीतपेय कंपन्यांपर्यंत पोहोचत असल्याचे पुढे आले. मजूर मुकादमाचा, मुकादम कारखान्याचा, आणि कारखाना केवळ माल पुरविणारा. अशा रीतीने प्रत्येक कडी आपली जबाबदारी पुढच्या कडीवर ढकलू शकते.

पांढुर्णा-सौंसरमध्ये असेच घडते, असा आरोप येथे करावयाचा नाही. परंतु साखळीची रचना सारखीच आहे. संत्र्याची बाग पुष्कळदा झाडावरच व्यापाऱ्याला विकली जाते आणि तोडणीची टोळी व्यापारी आणतो. त्या टोळीचा करार काय, हे बागायतदाराला ठाऊक असतेच असे नाही. शेकडो शेतांतला कापूस जिनिंगच्या आवारात एका ढिगात मिसळला की कोणते बोंड कोणत्या शेतातले, हे सांगता येत नाही. म्हणून चौकशी ढिगाच्या अलीकडे, शेताच्या बांधावर आणि टोळीच्या मुक्कामावर झाली पाहिजे.

ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्याने तेथे व्यवसाय करणाऱ्या मोठ्या कंपन्यांना याबाबत दरवर्षी निवेदन प्रसिद्ध करणे भाग पाडले. भारतातही शेअरबाजारातील अग्रगण्य १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून आपल्या अहवालात बालमजुरी व सक्तीचे श्रम यांविषयी माहिती द्यावी लागते. पण अहवाल लिहिला म्हणजे दोर तुटला असे नव्हे. कंपनीने आपला माल मूळ मजुरापर्यंत मागे शोधत गेले पाहिजे. मजुरी प्रत्येकाच्या, पत्नीच्याही, स्वतंत्र खात्यात जमा व्हावी. मजूर मिळवून देण्याचा खर्च कंपनीने सोसावा, त्याचा बोजा मजुरावर पडू नये. उचलीचा हिशेब लेखी असावा, आणि आधारकार्ड कोणीही अडकवून ठेवू नये. तपासनिसाने मुकादमाच्या गैरहजेरीत, मजुराच्या मराठीत किंवा गोंडीत, त्याच्याशी बोलावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भाव. किमान वेतन भागणार नाही इतका कमी दर देऊन करारात मात्र ‘वेठबिगार नको’ असे कलम घालणारी कंपनी स्वतःचीच फसवणूक करते. आणि दोष आढळताच पुरवठादार तोडून मोकळे होणे हाही उपाय नव्हे. त्याने मजुराची आहे ती भाकरीही जाते. आधी माणूस सोडवावा, थकलेली मजुरी द्यावी, मग व्यवहाराचा विचार करावा.

कायदा मजुराच्या बाजूने आहे. वेठबिगारीचे कर्ज कायद्यानेच नाहीसे होते, आणि ते वेठबिगारीचे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर पडतो. मुक्त झालेल्यास तातडीने ३० हजार रुपयांपर्यंत साहाय्य देण्याची केंद्राची योजना आहे. प्रत्येक जिल्ह्यात व उपविभागात दक्षता समिती असावी, असे कायदा सांगतो. पूर्वी येथल्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांकडे दाद मागण्यास छिंदवाड्याला जावे लागे. आता ते कार्यालय पांढुर्ण्यातच आहे. अंतर कमी झाले आहे, हे खरे. परंतु तेथवर जाण्याची वाट त्या मजुराला कोणीतरी दाखविली पाहिजे, आणि ते काम शेजारच्या बागायतदाराचे, व्यापाऱ्याचे व गावच्या शिक्षकाचेही आहे.