ग्रेहाउंडचं घोडं डिकीपाशी अडतं

ब्रिटनमधलं एखादं मोठं उद्यान, रविवारची सकाळ, वाहनतळावर उघड्या डिकीची एक गाडी. गाडीमागे लांबलचक पायांचा, सडपातळ कुत्रा उभा. पुढचे दोन पाय त्याने डिकीत ठेवलेत, मागचे दोन अजून डांबरावरच. माझं काम संपलं, पुढचं तुम्ही बघा, अशा चेहऱ्याने तो दूर कुठेतरी पाहतोय. मालक निमूटपणे वाकतो, त्याच्या मांड्यांमागे हात घालतो आणि तीस किलोंचा तो ऐवज आत ढकलतो. काही वर्षांपूर्वी हाच कुत्रा शर्यतीत ताशी ६० ते ७० किलोमीटर वेगाने धावत होता!

ग्रेहाउंड हा वासापेक्षा नजरेच्या जोरावर शिकार करणारा कुत्रा. सोलापूर-लातूरकडचा कारवान ज्यांनी पाहिलाय, त्यांना ही ठेवण ओळखीची वाटेल: भरदार छाती, आत ओढलेलं पोट, निमुळतं तोंड. ब्रिटनमध्ये यंत्रावर पळणाऱ्या खोट्या सशामागे ग्रेहाउंड सोडण्याच्या आधुनिक शर्यती २४ जुलै १९२६ रोजी मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर सुरू झाल्या आणि बघता बघता कामगारवस्त्यांची संध्याकाळ त्यांनी व्यापली. पैजा लागत होत्या, मैदानं भरत होती. शर्यतीतून बाद झालेल्या कुत्र्यांचं काय होतं, हे मात्र फारसं कुणी विचारत नव्हतं. १९७०च्या दशकात त्यांना घरं मिळवून देणारी संस्था उभी राहिली. तीच आजची ‘ग्रेहाउंड ट्रस्ट’.

तीन-चार वर्षांचा ग्रेहाउंड निवृत्त होऊन घरी येतो, तेव्हा त्याचं आयुष्य कुत्र्यांच्या कोठडीत आणि धावपट्टीवर गेलेलं असतं. जिना ही काय चीज आहे, हे त्याला ठाऊक नसतं. काचेचं दार त्याच्या लेखी नसतंच. गुळगुळीत फरशीवर त्याचे चारही पाय चार दिशांना जातात. नीट बसणंही त्याला फारसं जमत नाही. मांड्यांचे स्नायू इतके दणकट की बसण्यापेक्षा उभं राहणं किंवा आडवं होणं त्याला सोयीचं. त्यातही पसंती आडवं होण्यालाच. दिवसाचा बहुतेक वेळ तो झोपून काढतो, शक्यतो सोफ्यावर, कधीकधी चारही पाय वर करून. अंगावर चरबी नाही, केस आखूड, त्यामुळे थंडीत त्याला कोट घालावा लागतो. काही ग्रेहाउंड झोपेत अचानक हात लागला तर दचकून गुरगुरतात. म्हणून घरातली पोरंसोरं आधी हाक मारायला शिकतात.

खरी गंमत गाडीत. गाडी घेताना एरवी ॲव्हरेज पाहतात, रंग पाहतात. ग्रेहाउंडवाले डिकीचा काठ जमिनीपासून किती उंच आहे ते पाहतात. दिसायला ऐटबाज एसयूव्ही इथे नापास होऊ शकते, कारण उंच काठ म्हणजे रोजची उचलाउचल किंवा सोबत उताराची फळी. लांब आणि बुटकी इस्टेट गाडी, म्हणजे आपल्याकडे फारशी न चाललेली स्टेशन वॅगन, सोयीची ठरते. दोन कुत्री असली की मागच्या सीट कायमच्या आडव्या होतात आणि त्यांवर जुनी रजई येते. मग गाडीत माणसं किती मावतात, हा प्रश्नच निकालात निघतो.

एकटाच कुत्रा मागच्या सीटवर असेल, तर काही नव्या गाड्या वजनावरून तिथे माणूस बसलाय असं समजतात आणि पट्टा लावा, पट्टा लावा म्हणून टिंगटिंग करत राहतात. वळणावर तोल सावरायला तो चालकाच्या खांद्यावर हनुवटी टेकवतो, म्हणून मागे न घसरणारी चटई आणि अंगाला पट्टा हवाच. पोटातला वायू सोडण्याबाबतही ही मंडळी उदार असतात; भर थंडीत काचा खाली झालेली गाडी दिसली, तर कारण हे असू शकतं.

दोन गोष्टी मात्र गमतीच्या नाहीत. एक, प्रवासात कुत्र्याला नीट बांधावं असं ब्रिटनची वाहतूक नियमावली सांगतेच. पण गाडी थांबल्यावरही दार उघडण्याआधी साखळी हातात लागते. खारीमागे सुटलेला ग्रेहाउंड काही ढांगांतच पूर्ण वेग पकडतो, मग हाका मारून उपयोग नसतो. दोन, बंद गाडी. बाहेर २२ अंश असताना आतलं तापमान तासाभरात ४७ अंशांवर जाऊ शकतं.

ठिकठिकाणी शर्यती बंद होत असल्याने निवृत्त ग्रेहाउंडना सांभाळणाऱ्या घरांची गरज आता वाढणार आहे. फ्लोरिडात २०१८च्या मतदानाने शर्यतींवर बंदी आणली आणि २०२०च्या अखेरीस तिथली मैदानं थांबली. मकावचं कॅनिड्रोम हे शर्यतीचं मैदान २०१८ मध्ये बंद झालं, तेव्हा पाचशेहून अधिक ग्रेहाउंडसाठी देशोदेशी घरं शोधावी लागली. न्यूझीलंडने डिसेंबर २०२४ मध्ये आणि वेल्सने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंदीची घोषणा केली. परदेशातल्या कुणा मराठी वाचकाच्या मनात असा पाहुणा घरी आणायचं असेल, तर त्याने आधी टेप घेऊन गाडीपाशी जावं: नर ग्रेहाउंड खांद्यापर्यंतच ७० सेंटिमीटरच्या वर भरतो, आणि मान त्याच्याही वर असते.