विक्रांत: पहाटे चार ते मध्यरात्र

पहाटे ४:००

ब्रिजवर मॉर्निंग वॉचची पाळी बदलते. नवा अधिकारी जहाजाचा ताबा लगेच घेत नाही. डोळे अंधाराला सरावेपर्यंत काही मिनिटं तो काचेशी नुसता उभा राहतो. मग दिशा, वेग, आसपासची जहाजं, कप्तानाने रात्रीसाठी लिहून ठेवलेल्या सूचना असं एकेक ऐकून घेतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगतो की जहाज आता माझ्याकडे आहे.

आयएनएस विक्रांत अरबी समुद्रात आहे आणि विमानांच्या उड्डाणाचा सराव चालू आहे. (हा दिवस कुठल्या एका तारखेचा नाही, अशा सरावात दिवस जसा जातो तसा इथे मांडला आहे.) लांबी २६२ मीटर, वजन सुमारे ४५,००० टन, बांधणी कोचीच्या शिपयार्डातली, नौदलात दाखल २ सप्टेंबर २०२२ रोजी. एवढ्या जहाजाला या किनाऱ्याजवळ रात्री सर्वांत जास्त जपावं लागतं ते मच्छीमारांना. रत्नागिरी, मालवण, कारवारकडचे ट्रॉलर खूप आतपर्यंत आलेले असतात. लहान होडी रडारवर पुसट उमटते, पाण्यातलं जाळं तर उमटतच नाही. म्हणून इतकी यंत्रं असूनही जहाजाच्या दोन्ही अंगांना दुर्बीण घेतलेली माणसं उभी असतात, आणि दिसलेला प्रत्येक दिवा ती ओरडून कळवतात.

पाळ्या चार-चार तासांच्या. फक्त संध्याकाळी चार ते आठ या वेळेचे दोन तुकडे केलेले असतात, त्यांना डॉग वॉच म्हणतात. त्यामुळे दिवसाच्या पाळ्या सहाऐवजी सात होतात आणि रात्री बारा ते चारची पाळी रोज त्याच माणसांच्या गळ्यात पडत नाही. ब्रिटिश आरमाराकडून आलेल्या पद्धतींपैकी ही एक मला फार माणुसकीची वाटते.

पहाटे ५:१५

डेकखालच्या हँगरमध्ये दिवे रात्रभर जळतच असतात. पंख मिटलेली मिग-२९के विमानं हातभर अंतरावर उभी, प्रत्येक विमान साखळ्यांनी जमिनीला जखडलेलं. जहाजावर सुमारे तीस विमानं आणि हेलिकॉप्टरं मावतात असं छापून येतं. देशोदेशीच्या नौदलांची तुलना करणाऱ्या तक्त्यांत हाच आकडा असतो. पण विमानवाहू नौकेची ताकद या आकड्यात नाही. आज सकाळी त्यातली किती उडू शकतात, आणि उडालेली परत आणून पुन्हा किती वेळा उडवता येतात, त्यात ती आहे. २०१६ साली ‘कॅग’ने संसदेपुढे ठेवलेल्या अहवालात मिग-२९केच्या उपलब्धतेची टक्केवारी १५.९३ ते ३७.६३ एवढीच असल्याची नोंद आहे. विमानं विकत घेतलेली होती, ताफ्यात मोजलेली होती, पण बहुतेक दिवशी बहुतेक विमानं उडण्याजोगी नव्हती. तो अहवाल वाचला की हँगरमधल्या फिटरकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं.

इंजिन, सांगाडा, वीज, शस्त्रं अशा प्रत्येक शाखेचा तंत्रज्ञ आपापलं काम तपासतो आणि विमानाच्या नोंदवहीत सही करतो. शेवटची सही वैमानिकाची. त्याआधी इंधनाचा नमुना काचेच्या बरणीत घेऊन दिव्यापुढे धरतात. तळाशी पाण्याचा थेंब नको, तरंगणारा कण नको. जहाजावरचं विमान-इंधनही जमिनीवरच्यापेक्षा वेगळं असतं. ते सहजी पेट घेत नाही, कारण टाक्यांच्या वर-खाली माणसं झोपतात. आणि खारं वारं तर सगळीकडे शिरतं. रात्री पुसलेल्या जोडावर सकाळी मिठाची पुटं दिसतात, म्हणून गोड्या पाण्याने धुणं, पुसणं, ग्रीस लावणं हे रोजचं.

सकाळी ६:३०

सूर्य वर आला की डेकवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माणसांची रांग लागते. खांद्याला खांदा, माना खाली. अधिकारी, स्वयंपाकी, कारकून, फिटर, ज्याला मोकळीक आहे तो प्रत्येक जण. तांदूळ निवडणारी बाई खड्यावर जशी नजर ठेवते, तशी नजर ठेवत ही रांग सावकाश पुढे सरकते. सापडतं ते क्षुल्लक असतं: वॉशर, तारेचा तुकडा, खरवडून निघालेली रंगाची खपली, कुणाच्या खिशातून पडलेलं पेनाचं टोपण. जेट इंजिन ते एका श्वासात ओढून घेतं आणि आतली पाती तुटतात. एखादा स्क्रू सापडला तर तो कचऱ्यात टाकून चालत नाही. तो कुठल्या विमानाचा, कुठल्या झाकणाचा, हे शोधावं लागतं. तोवर त्या झाकणाखालचं विमान उडत नाही.

नाश्ता तोपर्यंत आळीपाळीने उरकलेला असतो. सुमारे १,६०० माणसांचं जेवण या जहाजावर होतं. चपात्या यंत्रावर होतात.

सकाळी ८:००

सर्वांत आधी उडतं ते हेलिकॉप्टर. कुणी पाण्यात पडलं तर उचलायला ते जहाजाच्या अंगाला घिरट्या घालत राहतं, आणि ते वर गेल्याशिवाय एकही लढाऊ विमान सुटत नाही.

मग जहाज वळतं. विक्रांतवर विमान फेकणारी कॅटापल्ट यंत्रणा नाही. अमेरिकन जहाजांवर ती असते, जुन्या जहाजांवर वाफेची आणि नव्या ‘फोर्ड’ वर्गाच्या जहाजांवर विजेची. आपल्याकडे पुढच्या टोकाला १४ अंशांचा चढ आहे. विमानाने स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर धावायचं आणि त्या चढावरून सुटायचं. धाव जेमतेम, त्यामुळे समोरून येणारा प्रत्येक नॉट वारा मोलाचा. निसर्गाचा वारा दहा नॉट असेल आणि जहाज वाऱ्याच्या तोंडावर वीस नॉटने चालवलं, तर डेकवर तीस नॉट मिळतात. वारा पडला तर जहाजाने जास्त पळायचं. विक्रांतची चार गॅस टर्बाइनं मिळून ८८ मेगावॅट शक्ती देतात आणि वेग २८ नॉटपर्यंत जातो. तेवढ्यानेही भागलं नाही तर विमानाचं वजन उतरवायचं: एक क्षेपणास्त्र कमी किंवा इंधन कमी. किती लांब जायचं आणि काय घेऊन जायचं, याचा सौदा रोज सकाळी वाऱ्याशी होतो.

हे दुखणं जुनं आहे. डिसेंबर १९७१ मध्ये पहिली विक्रांत बंगालच्या उपसागरात लढली तेव्हा तिच्या एका बॉयलरला तडा गेलेला होता. पूर्ण वेग गाठता येत नव्हता, म्हणजे डेकवर पुरेसा वारा तयार करता येत नव्हता. तशाही अवस्थेत तिच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले. ते जहाज पुढे मुंबईत कित्येक वर्षं संग्रहालय म्हणून उभं होतं आणि शेवटी दारुखान्यात तोडलं गेलं. त्याच्या आत जाऊन आलेली मुंबईकर पोरं आज मोठी झाली आहेत. ते जहाज जपायला हवं होतं, असं मला अजूनही वाटतं.

मिग जागेवर येतो. पिवळ्या जाकिटातला माणूस हातांच्या खुणांनी त्याला इंच-इंच पुढे घेतो. इथे बोलून काही उपयोग नाही, कानांवर जाड टोप्या आहेत. चाकांपुढे डेकमधून अडसर वर येतात. मागे ज्वाळा अडवणारी पोलादी भिंत उभी राहते. वैमानिक दोन्ही इंजिनं पूर्ण ताकदीवर नेतो, आफ्टरबर्नर पेटतात, विमान अडसरांवर रेटा देत थरथरतं. अडसर खाली पडतात. काही सेकंदांत ते चढावरून सुटतं.

खरी गोष्ट त्यापुढची आहे. चढाच्या टोकाशी विमानाचा वेग सरळ उडण्याइतका झालेलाच नसतो. चढाने त्याला वर भिरकावलेलं असतं, आणि त्या भिरकावण्याने मिळालेल्या थोड्या सेकंदांत इंजिनं उरलेला वेग भरून काढतात. जमिनीवरच्या धावपट्टीवर असं उड्डाण कुणी करू धजणार नाही. म्हणूनच गोव्यात दाबोळीला, आयएनएस हंसावर, जहाजासारखा चढ आणि थांबवणाऱ्या तारा जमिनीवर बांधलेल्या आहेत. गोव्याला विमानाने जाणारे आपले कितीतरी लोक त्याच तळाच्या धावपट्टीवर उतरतात.

सकाळी ९:४०

उडणं अवघड, पण उतरणं त्याहून अवघड. तिरक्या पट्टीवर मागच्या बाजूला तीन तारा आडव्या ताणलेल्या. विमानाच्या शेपटीखालच्या हुकाने त्यातली एक पकडायची. ताशी सुमारे २४० किलोमीटरवरून अडीच-तीन सेकंदांत शून्यावर, तेही शंभर मीटरच्या आत. डेकच्या काठाशी उभा असलेला अधिकारी स्वतः वैमानिक असतो. येणाऱ्याची उंची, नाकाची दिशा, इंजिनाचा आवाज त्याला उभ्याउभ्या कळतो. शेजारच्या दिव्यांची यंत्रणा येणाऱ्याला त्याचा उतार दाखवते. लाल दिसला तर खाली आलास, वर चल.

चाकं टेकताच वैमानिक इंजिन बंद करत नाही, उलट पूर्ण ताकद देतो. हुक चुकला तर विमान पुढच्या टोकावरून पुन्हा हवेत जाऊ शकलं पाहिजे. तार पकडली गेल्याची खात्री झाली की मगच जोर कमी. मग घाई सुरू होते. तार सोडवायची, हुक वर, पंख मिटायचे, पट्टी मोकळी करायची, कारण मागे दुसरं विमान रांगेत आहे आणि त्याच्याकडे मोजकंच इंधन आहे. एखादा चाकाजवळ अडला, साखळी वेळेत आली नाही, लिफ्ट वर यायला उशीर झाला, तर हवेतल्याला आणखी एक घिरटी. निळ्या आभाळातला पराक्रम डेकवरच्या विशी-बाविशीतल्या मुलांच्या चपळाईवर असा अवलंबून असतो.

डेकवर नेहमी जागेची चणचण. एप्रिल २०२५ मध्ये २६ राफेल-एम विमानांचा करार झाला. त्यांचे पंख मिटत नाहीत. म्हणजे ती आल्यावर डेक आणि लिफ्टचं सगळं गणित नव्याने मांडावं लागणार आहे.

दुपारी १२:३०

कामोव्ह-३१ उडतं. हे हेलिकॉप्टर बघत राहावं असं आहे. पोटाखाली सुमारे सहा मीटर लांबीची रडारची फळी घडी करून ठेवलेली असते. हवेत गेल्यावर ती खाली उघडते आणि फिरायला लागते, आणि तिला अडथळा नको म्हणून हेलिकॉप्टर आपली चाकं वर ओढून घेतं. पृथ्वीच्या गोलाईमुळे जहाजाच्या रडारला क्षितिजापलीकडे खाली उडणारं क्षेपणास्त्र दिसत नाही. उंचावर गेलेल्या या डोळ्याला दिसतं. त्याहून लांबची नजर पी-८आय या विमानांची, पण ती गोवा आणि तमिळनाडूतल्या अरक्कोणमच्या तळांवरून उडतात. पाण्याखालचा शोध एमएच-६०आर हेलिकॉप्टरांकडे. ती एका जागी तरंगत सोनार दोरीने पाण्यात सोडतात आणि ऐकतात.

दुपारी ३:००

तेलवाहू आयएनएस दीपक सोबतीला आहे. तिच्या मागच्या ध्वजावर शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आहे. विक्रांत दाखल झाली त्याच दिवशी हा ध्वज नौदलाला मिळाला. एक विनाशिका तेल घ्यायला दीपकच्या अंगाला येते. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या विशाखापट्टणम वर्गातली, १६३ मीटर लांबीची. दोन्ही जहाजं समांतर, सारख्या वेगाने, मधे चाळीसेक मीटर पाणी. बंदुकीतून बारीक दोरी फेकली जाते, तिला जाड दोरी, तिला पोलादी तार, आणि तारेवरून तेलाची नळी सरकत जाते.

दोन मोठी जहाजं अशी जवळून चालली की मधलं पाणी वेगाने वाहतं आणि जहाजं एकमेकांकडे ओढली जातात. म्हणून सुकाणूवरचा माणूस अर्ध्या अंशावर नजर ठेवून असतो आणि वेग एका-दोन फेऱ्यांनी कमी-जास्त केला जातो. तास-दीड तास कुणी बसत नाही. काही बिघडलंच तर नळी तोडून दूर व्हायची कवायतही पाठ असते. नौदल घरापासून किती दूर जाऊन किती दिवस राहू शकतं, हे अशा दुपारी ठरतं, आणि तेलवाहू जहाजांचे फोटो मात्र कुणी छापत नाही.

संध्याकाळी ५:००

डॉग वॉच. डेक थोडा वेळ मोकळा असतो, त्यावर लोक पळतात, दंड-बैठका काढतात. अचानक आगीचा भोंगा. सराव आहे, पण अंगावर श्वसनाचं यंत्र चढवून धावायचं खरंच. जहाजात सुमारे २,३०० कप्पे आहेत. प्रत्येकाला क्रमांक आहे आणि त्या क्रमांकावरून कुठल्या मजल्यावर, कुठल्या अंगाला, हे अंधारातही कळलं पाहिजे. नव्या मुलाला डोळे बांधून आपल्या झोपायच्या जागेपासून वरच्या डेकपर्यंत यायला लावतात.

रात्री ८:१५

रात्रीची उड्डाणं. मिग-२९के विक्रांतवर रात्री पहिल्यांदा उतरलं ते मे २०२३ मध्ये. दिवसा वैमानिकाला समुद्र आणि क्षितिज दिसतं, आता फक्त दिव्यांची रांग आणि हलणारा उतार. डेकवरची माणसं रंगीत कांड्यांनी खुणा करतात. एक विमान तार चुकतं, ठिणग्या उडवत पुढे निघून जातं, फिरून येतं. दुसऱ्या फेरीला तार पकडतं. त्याबद्दल कुणी काही बोलत नाही. पण उतरल्यावर तो काठावरचा अधिकारी त्या वैमानिकाला घेऊन बसतो आणि पहिल्या फेरीतला एकेक सेकंद उलगडून दाखवतो. इथे रँक बघितली जात नाही.

रात्री ११:३०

तारा तपासणारी टोळी हातमोजे घालून प्रत्येक तारेवरून हात फिरवते. तुटका धागा लागला की तार बदलायची, उद्यावर ढकलायची नाही. विमानांना साखळ्या, इंजिनांच्या तोंडांना झाकणं.

उद्याचा उड्डाणतक्ता लागला आहे. पहिलं उड्डाण ६:४० ला, म्हणजे डेकवरची रांग उजाडताच आणि इंधनाचे नमुने चारच्या पाळीने घ्यायचे. हँगरमध्ये एका मिगच्या हायड्रॉलिक पंपाचं काम अजून चाललं आहे. त्याचा क्रमांक तक्त्यात तिसऱ्या ओळीवर आहे, सध्या पेन्सिलने.