खेम सावंत आणि वाडीच्या राज्याची सरहद्द

अठराव्या शतकात लाटंबार्से, डिचोली, साखळी, पेडणे हा आजच्या उत्तर गोव्यातला सगळा पट्टा सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. कुडाळच्या देशमुखीतून वर आलेले हे घराणे. आदिलशाही, शिवाजी महाराज, मोगल, शाहू महाराज. वारा फिरेल तशी त्यांनी बाजू बदलली आणि मुलूख राखला.

१७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसईला वेढा घातला असताना वाडीच्या फौजा बारदेशात उतरल्या. पोर्तुगीजांच्या हाती तिथे किल्ल्यांपलीकडे फारसे काही उरले नाही. वाडीच्या सत्तेचा हा कळस.

उतार लगेच लागला. ५ मे १७४६ रोजी पोर्तुगीजांच्या नव्या व्हाइसरॉयने शापोरा नदीकाठच्या हळर्ण किल्ल्यावर हल्ला करून तो घेतला. जांभ्या दगडाचा हा किल्ला आकाराने लहान, पण नदीमार्गावर नजर ठेवणारा. या विजयाचे मोल लिस्बनला एवढे वाटले की व्हाइसरॉयला ‘आलोर्नाचा (म्हणजे हळर्णचा) मार्केस’ हा किताब मिळाला. डिचोली, साखळीही गेली. नोव्हेंबरात तेरेखोल पडला.

१७५५ मध्ये तिसरे खेम सावंत लहान वयातच गादीवर आले आणि १८०३ पर्यंत राहिले. गेलेला मुलूख १७६१ च्या सुमारास परत मिळाला. पुढे जयाप्पा शिंद्यांची लेक घरात आली, दिल्लीच्या बादशहाकडून ‘राजेबहादूर’ किताब आला. घराण्याच्या वाढत्या मानाने कोल्हापूरकर दुखावले आणि वैर पेटले. इंग्रजांनी १७६५ मध्ये रेडीचा यशवंतगड घेतला. तो सोडवताना वेंगुर्ला गहाण पडला.

  खेम सावंतांना उसंत मिळाली नाही. १७८१ मध्ये डिचोली पुन्हा पोर्तुगीजांनी घेतली. कोल्हापूरकरांविरुद्ध मदत हवी म्हणून १७८८ मध्ये त्यांनी पेडणेही पोर्तुगीजांना लिहून दिले. कोल्हापूरकरांशी लढाईची किंमत म्हणून मुलूख देणे, ही त्यांची सर्वांत मोठी चूक.

नव्या काबिजादीत, म्हणजे मागाहून मिळवलेल्या या मुलखात, पोर्तुगीजांनी लोकांच्या देवळांना आणि रीतिरिवाजांना हात लावला नाही, म्हणून शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केलेले नार्व्याचे सप्तकोटेश्वर मंदिर टिकले. खेम सावंत पुत्राविना वारले. डिचोली-पेडण्याचा भाग १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडेच राहिला, आणि गोव्यातले लाटंबार्से व शेजारचे महाराष्ट्रातले दोडामार्ग आज दोन वेगळ्या राज्यांत आहेत.