लहान्या भिकू गप्प का बसला?

गोविंद निहलानी यांचा ‘आक्रोश’ १९८० साली आला. लेखन विजय तेंडुलकरांचे. लहान्या भिकू या आदिवासी मजुरावर बायकोच्या खुनाचा खटला चालू आहे आणि तो तोंडच उघडत नाही. त्याची बाजू मांडायला नेमलेला तरुण वकील भास्कर कुलकर्णी तुरुंगात जाऊन विनवतो, चिडतो, थेट त्याच्या झोपडीपर्यंत जातो. लहान्या गप्पच. खरे गुन्हेगार गावचे पुढारी, ठेकेदार, अधिकारी. संध्याकाळी क्लबात पत्ते कुटणारी ही मंडळी. गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे, ठाऊक नाही ते फक्त न्यायालयाला, कारण न्यायालयाला पुरावा लागतो आणि पुराव्याला जीव धोक्यात घालणारा माणूस लागतो.

या चित्रपटावर लिहिणारे बहुतेक जण लहान्या आणि भास्करबद्दल लिहितात. मला मात्र सरकारी वकील दुसाने छळतो. अमरीश पुरी यांनी केलेला हा दुसाने स्वतः आदिवासी. शिकला, नाव कमावले, भास्करचा तो गुरू. रात्री-अपरात्री त्याला फोनवर जातीवरून शिव्या येतात, तो निमूट ऐकून घेतो आणि सकाळी काळा कोट चढवून आपल्याच समाजाच्या माणसाविरुद्ध उभा राहतो. कायद्याने त्याचे काहीच चुकत नाही! पुरावा समोर आहे तसा तो मांडतो. मग तो गुन्हेगार की व्यवस्थेचा बळी? बाबासाहेबांनी १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला शिकलेल्यांबद्दल जी वेदना बोलून दाखवली, ती आपण दर जयंतीला भाषणात सांगतो. पण आपल्यातला दुसाने समोर आला की त्याला हार घालून व्यासपीठावर बसवतो, हेही खरे आहे.

शेवटाबद्दल माझे मत वेगळे आहे. बापाच्या अंत्यविधीला बेड्या घालून आणलेला लहान्या, बहिणीवर खिळलेली मुकादमाची नजर पाहतो आणि कुऱ्हाड उचलून बहिणीलाच मारतो. मग आकाशाकडे तोंड करून ओरडतो. समीक्षकांनी त्याला विद्रोह म्हटले. पण त्या बहिणीला कुणी विचारले का? पुरुषाची असहायता दाखवायला पुन्हा बाईचाच जीव गेला. फुले-आंबेडकरी विचार मानणाऱ्याने इथे टाळी वाजवू नये.

चित्रपट जुना, पण प्रश्न जुना झालेला नाही. खैरलांजीत २००६ साली चौघांची हत्या झाली. २००८ मध्ये भंडारा न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली, पण ॲट्रॉसिटी कायदा लावला नाही. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीही रद्द करून पंचवीस वर्षांची कैद दिली. आमच्या बीड जिल्ह्याला लागून असलेल्या जामखेड तालुक्यातील खर्डा येथे एप्रिल २०१४ मध्ये एका शाळकरी दलित मुलाचा खून झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले, कारण एकामागून एक साक्षीदार फितूर झाले.

फितूर! हा शब्द आपण फार सहज वापरतो. मीही वापरला आहे, आणि तोही माझ्या चुलत्यांसाठी.

परळी तालुक्यातल्या आमच्या सिरसाळा भागातल्या एका मारहाणीच्या प्रकरणात ते साक्षीदार होते. पोलिसांसमोर सगळे सांगितले होते. साक्ष निघाली काही वर्षांनी, अंबाजोगाईच्या सत्र न्यायालयात. पहिल्या तारखेला ते कारखान्यावर, फडात ऊस तोडत होते. दुसरीला हजर झाले, पण त्या हंगामाची उचल ज्या मुकादमाकडून घेतली होती, तो आरोपींच्या नात्यातला. पिंजऱ्यात उभे राहून ते म्हणाले, “मला काय दिसलं न्हाई साहेब.” मी त्यांच्याशी दोन वर्षे बोललो नाही.

२०१५ च्या दुरुस्तीने ॲट्रॉसिटी कायद्यात पीडितांच्या आणि साक्षीदारांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण घातले. २६ जानेवारी २०१६ पासून ते लागू आहे. संरक्षण, खटल्याच्या काळातला प्रवासखर्च, निर्वाहखर्च, सगळे त्यात लिहिले आहे. उचल फेडून देण्याची सोय मात्र कुठल्याच कायद्यात नाही. खटला संपल्यावर त्याच शिवारात, त्याच बांधावर परत जायचे असते.

पुढे एकदा ‘आक्रोश’ चुलत्यांसोबत पाहिला. लहान्या ओरडला तेव्हा ते हलले नाहीत. बराच वेळाने म्हणाले, “त्याचा वकील तरी घरापतुर आला व्हता. माह्याकडं कोण आलं व्हतं रं?”

मी आठवून पाहिले. त्यांची आणि सरकारी वकिलांची पहिली भेट साक्षीच्या दिवशी सकाळी, कोर्टाच्या व्हरांड्यात झाली होती. पाचेक मिनिटे.