डॉक्टरांची काँग्रेस आणि आपले आदरातिथ्य



बेळगावात ‘काँग्रेस’ म्हटले की 1924 चे अधिवेशन आठवते. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते इथे. गंगाधरराव देशपांडे यांनी पाहुण्यांची सारी व्यवस्था पाहिली. हजारो लोकांना पाणी पुरावे म्हणून टिळकवाडीत विहीर खणली गेली आणि तिला ‘पंपा सरोवर’ असे नाव मिळाले. पाहुणे दोन दिवसांचे अधिवेशन आटोपून गेले, विहीर मात्र गावाला राहिली.

डॉक्टर मंडळीही आपल्या मोठ्या मेळाव्याला ‘काँग्रेस’च म्हणतात. मेंदू आणि मज्जातंतूंच्या तज्ज्ञांची, म्हणजे न्यूरॉलॉजिस्टांची, पहिली आंतरराष्ट्रीय काँग्रेस 1931 साली स्वित्झर्लंडमधल्या बर्न या जुन्या शहरात भरली. पुढे 22 जुलै 1957 रोजी ब्रुसेल्स येथे त्यांची जागतिक संघटना स्थापन झाली. म्हणूनच 22 जुलै हा दिवस आता जागतिक मेंदू दिन म्हणून पाळतात. या संघटनेची जागतिक काँग्रेस ऑक्टोबर 1989 मध्ये नवी दिल्लीत झाली. जपानची जुनी राजधानी क्योटो हिला तर हा मान 1981 आणि 2017 असा दोनदा मिळाला. पूर्वी ही काँग्रेस दर चार वर्षांनी भरत असे, अलीकडे ती दोन वर्षांनी भरते.

इतक्या लांबून तज्ज्ञ येतात ते कशासाठी? एक उदाहरण पाहू. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की अर्धांगवायूचा झटका येतो. गुठळी विरघळवणारे औषध तीन तासांच्या आत दिले तर रुग्णाला फायदा होतो, हे 1995 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. 2008 मध्ये ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढवता येते असे दिसले. असे निष्कर्ष परिषदांत मांडले जातात, त्यांवर वाद होतात, शंका विचारल्या जातात आणि मग ते ज्ञान लहान शहरांतल्या दवाखान्यांपर्यंत झिरपत येते.

जागतिक काँग्रेस आपल्याकडे भरणे दूरची गोष्ट आहे. पण 1963 पासून बेळगावात जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज आहे. इथे वैद्यकीय परिषदा होतात आणि बाहेरगावचे डॉक्टर येतात. त्यांचे स्वागत करताना आपल्याकडे दाखवण्यासारखे पुष्कळ आहे. किल्ल्यातली तेराव्या शतकातली कमल बस्ती आहे, जवळच सफा मशीद आहे. आपले शहापूर एके काळी सांगली संस्थानात होते. इथले कपिलेश्वराचे मंदिर, सराफी पेढ्या आणि विणकरांचे माग पाहुण्यांना आवडतील. जेवणात कुंदा आणि मांडे हवेतच. हार-तुरे आणि भाषणे थोडक्यात आटोपली तर पाहुणेही दुवा देतील.

पण 1924 ची विहीर आठवली की वाटते, हे पाहुणे गेल्यावर गावाला काय राहील? आमच्या मते, परिषदेतला एक तास तरी गावकऱ्यांसाठी मागून घ्यावा. त्या तासात तज्ज्ञांनी सोप्या भाषेत बोलावे आणि आपण मराठीत व कन्नडात ते लोकांना समजावून द्यावे.

त्यात पहिली गोष्ट झटका ओळखण्याची. चेहरा एका बाजूला ओढला जातो, एक हात वर उचलत नाही, बोलणे जड होते. यातले एक जरी अचानक दिसले तरी घड्याळ पाहावे आणि 108 ला फोन करावा. झाडपाला, अंगारा किंवा ‘सकाळपर्यंत बघू’ यात साडेचार तास निघून जातात. निपाणीहून बेळगाव सुमारे 75 किलोमीटर, कोल्हापूर त्याहून जवळ. सीटी स्कॅन आणि हे औषध रात्री-अपरात्रीही कुठल्या इस्पितळात मिळते, याची चौकशी घरात सगळे ठणठणीत असतानाच करून ठेवावी. त्या वेळी कर्नाटक की महाराष्ट्र हा प्रश्न नसतो.

दुसरी गोष्ट फिटची. रुग्णाला कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात, तोंडात काही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवून फिट थांबत नाही. पाच मिनिटांत ती थांबली नाही तर इस्पितळ गाठावे.

तिसरी गोष्ट खास आपल्या भागाची आहे. झटक्यानंतर काही रुग्णांची वाचा जाते. ज्याला दोन-तीन भाषा येतात, त्याच्या सगळ्या भाषा सारख्याच परत येतील असे नसते. आपल्याकडे घरात मराठी, बाजारात कन्नड, कचेरीत इंग्रजी असे चालते. डॉक्टरांनी कन्नडात किंवा इंग्रजीत विचारले आणि आजोबा गप्प राहिले, तर त्यांना समजले नाही, की समजले पण बोलता येत नाही, की ती भाषाच त्यांची नव्हे? हे घरच्यांनी सांगितल्याशिवाय डॉक्टरांना कळणार नाही. म्हणून लहानपणापासूनची भाषा कोणती, लिहिता-वाचता कोणत्या भाषेत येते, शेवटचे नीट कधी बोलले, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, बीपी-शुगरची औषधे कोणती, एवढे एका कागदावर लिहून फाइलला लावावे.

सीमाभागात भाषेवरून पुष्कळ बोलून झाले आहे. पण आजारी माणसाला त्याच्या भाषेत ‘कुठे दुखतंय?’ असे विचारणारे कोणी हवे, यावर कोणाचे दुमत नसावे. ज्या सभासदांना मराठी आणि कन्नड दोन्ही चांगले येते, त्यांनी दुभाषे म्हणून आपली नावे मंडळाकडे द्यावीत. बाहेरच्या तज्ज्ञांचे भाषण असो की आपल्याच गावातल्या रुग्णाची विचारपूस, दोन्हीकडे त्यांची गरज पडेल.